नोटपॅड प्लस प्लसमधला एक बाइट आणि आपली देवनागरी

वाचनालयवाला (धागाकर्ता) · शनिवार, सायं. ६:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण विचारणारा तांत्रिक नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या वाचनालयाच्या कपाटात जुने हस्तलिखित दिवाळी अंक आहेत. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी रोज दुपारी बसून ते टंकतो. मशीन जुनं आहे, वर्ड उघडेपर्यंत चहा होतो. म्हणून सगळं काम नोटपॅड प्लस प्लस या हलक्या, फुकटच्या एडिटरमध्ये चालतं. पाच वर्षांत कधी त्रास नाही.

काल भाचा आला होता, तो आयटीत आहे. पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, अजून ८.४ वापरता? यात मेमरी ओव्हरफ्लो आहे. नुसती फाइल उघडली तरी मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतं." एवढं बोलून, पोहे खाऊन गेला. तेव्हापासून आमच्या जोशीबुवांनी माऊसला हात लावलेला नाही.

माझी शंका अशी. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं काय? ती डॉट ईएक्सई म्हणजे प्रोग्राम नाही, तिच्यात मॅक्रो म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा नाहीत. अक्षरंच फक्त. अक्षरं वाचून मशीन बिघडतं का?

---

संकासूर · सायं. ६:३२

भाच्यांचं मनावर घेऊ नका. माझ्या पुतण्याने मला वायफायचा पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावला, आता मलाच आठवत नाही. टेक्स्ट फाइलने व्हायरस येत नाही. जोशीबुवांना म्हणावं बिनधास्त टंका.

---

बाराखडी · रात्री ८:०५

संकासूर, थांबा जरा. भाचा बरोबर बोलला, फक्त अर्धवट सोडून गेला.

ऑगस्ट २०२३ मध्ये गिटहब सिक्युरिटी लॅबच्या यारोस्लाव लोबाचेव्हस्की यांनी नोटपॅड प्लस प्लसमधल्या चार चुका एकदम जाहीर केल्या. ८.५.६ आणि त्याआधीची व्हर्जन्स त्यांत सापडतात, म्हणजे तुमचं ८.४ सुद्धा. चारपैकी तिन्हींत प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरचं वाचतो. चौथीत हद्दीबाहेर लिहितो. ही लिहिणारी जास्त वाईट. अशा चुकांच्या जाहीर यादीतला तिचा नंबर सीव्हीई-२०२३-४००३१, गंभीरता १० पैकी ७.८. बाकी तिघींना ५.५.

काका, तुमची शंका मात्र रास्त आहे, आणि उत्तर गमतीचं आहे, कारण ते आपल्याच लिपीवर उदाहरण घेऊन सांगता येतं.

मजकूर साठवायच्या दोन पद्धती धरा. यूटीएफ-१६ मध्ये नेहमीच्या वापरातल्या प्रत्येक खुणेला २ बाइट. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला १ बाइट, पण देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला ३. खूण म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी. यूटीएफ-१६ मधली फाइल उघडली की नोटपॅड प्लस प्लस आत घेताना तिचं यूटीएफ-८ करून घेतो. म्हणजे मजकूर फुगतो. किती फुगेल ते आधी ठरवून तेवढी जागा मेमरीत मागून घ्यावी लागते, आणि वाईटात वाईट म्हणजे दोनाचे तीन होतील. म्हणून कोड लिहिणाऱ्याने हिशोब मांडला: आलेली लांबी, अधिक तिची निम्मी, अधिक १.

आता "मराठी" हाच शब्द घ्या. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. ५ खुणा, यूटीएफ-१६ मध्ये १० बाइट. जागा मागितली १० + ५ + १ = १६. प्रत्यक्ष लागले ५ गुणिले ३ = १५. बसलं.

शेवटचा एक बाइट तोडून टाका. उरले ९. नवाची निम्मी साडेचार, पण सी प्लस प्लसमध्ये पूर्णांकांचा भागाकार केला की वरचा अर्धा गळून पडतो, उरतात ४. जागा मागितली ९ + ४ + १ = १४. रूपांतर करणारं फंक्शन मात्र दोन-दोन बाइट उचलत जातं. शेवटी एकटाच बाइट उरलाय हे त्याच्या ध्यानात येत नाही, ते त्यालाही जोडी समजतं आणि पाचवी खूण लिहून मोकळं होतं. जागा १४, माल १५.

७ घ्या, जागा ११ आणि माल १२. ११ घ्या, १७ आणि १८. कुठलीही विषम लांबी घ्या, बरोब्बर एक बाइट बाहेर सांडतो.

(हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात फाइल तुकड्यातुकड्याने वाचली जाते आणि विषम तुकडा नेमका हवा तिथे पाडावा लागतो. तुम्ही "मराठी" लिहून एक बाइट तोडलात म्हणून लगेच काही दिसेल असं नाही.)

मला खरी गंमत वाटते ती पुढची. हाच मजकूर इंग्रजी असता तर दोनाचा एक झाला असता. मागितलेल्या जागेपैकी निम्म्याहून जास्त रिकामी राहिली असती आणि ही चूक कधी कुणाला दिसलीच नसती. कोडमध्ये ज्याला "वाईटात वाईट" म्हटलंय, ते आपल्या जोशीबुवांचं रोज दुपारचं काम आहे.

---

संकासूर · रात्री ८:१९

हिशोब पटला, मागे घेतो. पण ताई, एक बाइट? लाखो बाइटांच्या फाइलमध्ये एक बाइट सांडला तर कुणाचं काय बिघडलं? आमच्याकडे दूध मोजताना याहून जास्त सांडतं.

---

शेतीवाडी · रात्री ८:५०

दूध नाही संकासूरराव, बांध म्हणा.

मी पोटापाण्यासाठी एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिपांसाठी सी भाषेत कोड लिहितो आणि सणासुदीला गावी भावकीत बांधावरून भांडतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. नांगरताना शेजारी दरवर्षी एकच तास आपल्या रानात सरकवतो. एक तास म्हणजे किती, वीतभर. त्या वर्षी कुणाला कळत नाही. पण बांधावर मोजणीचा दगड असतो. नांगराचा फाळ त्या दगडाला लागून तो दगड हलला, की पुढच्या मोजणीत गटाची आकृतीच बदलते आणि मग तलाठ्यापासून प्रांतापर्यंत चकरा.

हीपचं, म्हणजे प्रोग्रामला लागेल तशी वाटून दिल्या जाणाऱ्या मेमरीचं, तसंच आहे. प्रोग्रामने मेमरी मागितली की त्याला एक तुकडा मिळतो. शेजारी दुसऱ्या कामासाठी दिलेला तुकडा असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये, अगदी बांधावर, मेमरी वाटणाऱ्याने स्वतःच्या नोंदी लिहून ठेवलेल्या असतात: हा तुकडा केवढा, मोकळा आहे की दिलेला. समजा सातबाराच बांधावर खुंटीला टांगून ठेवलाय. तुमचा सांडलेला एक बाइट त्या सातबाऱ्यावर पडला आणि क्षेत्राचा आकडा बदलला, तर पुढच्या वेळी वाटणारा शेजाऱ्याच्या चालू रानातली जमीन तिसऱ्याच माणसाला मोकळी म्हणून देऊन टाकतो. मग दोघं एकाच जमिनीवर पेरतात. तिथून पुढे कोण काय पेरेल हे फाइल बनवणाऱ्याच्या हातात.

---

बाराखडी · रात्री ९:०२

शेतीवाडी, हे माझ्या टीमला उद्या असंच्या असं सांगणार आहे.

फक्त दोन गोष्टी जोडते. जागा ठरावीक मापाच्या ठोकळ्यांत मिळते, १४ मागितली तरी प्रत्यक्ष थोडी जास्त असते, त्यामुळे बऱ्याचदा तो सांडलेला बाइट पडीक जागेतच पडतो. आणि आजच्या विंडोजमध्ये मेमरीचे पत्ते दरवेळी बदलतात, डेटाच्या जागेतून कोड चालू दिला जात नाही, हीपच्या नोंदींचीही तपासणी होते. म्हणजे बाइट सांडला की चोर घरात शिरला, असं नाही.

पण संकासूर, "एका बाइटने काय होतं" हे विचारून लोक आधी फसलेत. २०१४ मध्ये लिनक्सखालच्या ग्लिबसी लायब्ररीत अशीच एका बाइटची चूक निघाली. सांडणारा बाइट शून्य होता, म्हणजे त्यात काय लिहायचं हे निवडायचीही सोय नव्हती. कित्येकांचं मत पडलं की यातून काही साधणार नाही. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने त्याच एका शून्यावरून साध्या वापरकर्त्याचा रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, करून दाखवला. आणि ती चूक कुठल्या कोडमध्ये होती? एका एन्कोडिंगमधून, म्हणजे मजकूर साठवायच्या एका पद्धतीतून, दुसऱ्यात अक्षरं नेणाऱ्या!

पुन्हा २०२४. तीच लायब्ररी, तेच अक्षरं बदलायचं काम, यावेळी एका चिनी एन्कोडिंगसाठी. ४ बाइटांपर्यंत सांडत होते आणि ते दोन तपं तसंच पडून होतं. शार्ल फोल या संशोधकाने त्यावरून पीएचपी या भाषेत लिहिलेल्या वेबसाइटचे सर्व्हर ताब्यात घेऊन दाखवले.

म्हणजे जिथे एका लिपीचं माप दुसऱ्या मापाने मोजलं जातं, तिथे मापाडी चुकतो. एएससीआयआयवर, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या कोडपट्टीवर, वाढलेल्या लोकांना एक अक्षर म्हणजे एक बाइट हे इतकं अंगवळणी पडलंय, की बाकीच्या जगाची लांबी ते अंदाजाने धरतात.

---

मावशी_ऑनलाइन · रात्री ९:४०

बांधाचं समजलं, बाकीचं डोक्यावरून. पण माझा जुना प्रश्न यात बसेल का? माझ्या बहिणीने पाठवलेली आरत्यांची फाइल उघडली की मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए दिसतात, ओळीच्या ओळी. मध्ये मध्ये चार पायांचा किडा. ते हेच का?

---

डीटीपी_दादा · रात्री ९:५५

मावशी, ते हे नाही, पण याच घरातलं आहे.

आमचं मिरजेत लहान छापखान्याचं काम. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांचे अंक. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून रोज हेच येतं. देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांची, आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो. ज्या प्रोग्रामला ही यूटीएफ-८ आहे हे कळत नाही, तो पश्चिम युरोपची जुनी कोडपट्टी लावतो. त्या पट्टीत तो बाइट म्हणजे तिरक्या रेघेचा ए. दुसरा बाइट बहुतेक वेळा ते चलनाचं गोल चिन्ह, तोच तुमचा किडा. म्हणून पडद्यावर दर तिसरं चिन्ह ए, ए, ए. मजकूर शाबूत असतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंगच्या मेनूत जाऊन यूटीएफ-८ निवडा, आरत्या परत येतील. कन्व्हर्ट म्हणू नका, वरचं साधं नाव निवडा. कन्व्हर्ट म्हटलंत तर किड्यांचंच यूटीएफ-८ होईल.

आता यूटीएफ-१६ आपल्याकडे येतं कुठून ते सांगतो, कारण वर कुणी सांगितलं नाही. जुन्या विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना चार पर्याय यायचे: एएनएसआय, युनिकोड, युनिकोड बिग एंडियन आणि यूटीएफ-८. मराठी लिहिलेला माणूस एएनएसआय ठेवून सेव्ह करायचा, प्रश्नचिन्हं व्हायची. कुणीतरी सांगायचं, अरे "युनिकोड" कर. तो करायचा. ते "युनिकोड" म्हणजे यूटीएफ-१६. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटनंतर नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ करायला लागला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रात जेवढं मराठी नोटपॅडमध्ये सेव्ह झालं, त्यातलं भरपूर यूटीएफ-१६ मध्ये पडून आहे. वाचनालयवाले काका, तुमच्याकडेही असणार.

विषम लांबी मात्र कुणी मुद्दाम करत नाही. नीट सेव्ह झालेली यूटीएफ-१६ फाइल नेहमी सम बाइटांची. अर्धवट कॉपी झाली, डाउनलोड मध्येच तुटलं, की विषम निघते.

(अवांतर: जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटांच्या काळी हे झेंगट नव्हतं. एक तुकडा, एक बाइट. फाँट बदलला की सगळा बट्ट्याबोळ, ते वेगळं.)

---

बाराखडी · रात्री १०:१०

दादांनी नकळत बाकीच्या तीन चुकांवर बोट ठेवलं. फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची खूण नसेल, तर एडिटरला अंदाज बांधावा लागतो. नोटपॅड प्लस प्लस त्यासाठी मोझिलाकडून आलेला कोड वापरतो. तो सुरुवातीचे बाइट बघतो, ही चिनी असेल का, जपानी असेल का, असे तक्ते लावत जातो. २०२३ च्या चारपैकी दोन चुका याच तक्त्यांत होत्या: फाइलमधला बाइट असा द्यायचा की तक्त्याच्या पलीकडचं घर वाचलं जाईल. उरलेली वाचणारी चूक, फाइलच्या पहिल्या ओळींवरून ही कुठल्या प्रोग्रामिंग भाषेतली आहे हे ओळखणाऱ्या कोडमध्ये.

म्हणजे काका, तुम्ही अक्षरं वाचायच्या आधी एडिटरने त्यांच्याबद्दल चार अंदाज बांधलेले असतात. "नुसती उघडली" यातल्या "नुसती"त एवढं सगळं बसलंय.

---

एस्केप_कोलन_क्यू · रात्री १०:४८ (इथे संध्याकाळ)

जर्मनीहून हजेरी. वीस वर्षं विम हा दुसरा एक एडिटर वापरतोय, त्यामुळे खरं तर इथे येऊन "म्हणून तर आम्ही विम" असं म्हणणार होतो. पण तोंड नाही. २०२१-२२ मध्ये चुका शोधणाऱ्याला बक्षीस देणारी एक वेबसाइट निघाली आणि लोकांनी विमवर फझर सोडले, म्हणजे उलटसुलट कचरा फाइल म्हणून देत राहायचं आणि कुठे पडतो ते बघायचं. हीप ओव्हरफ्लो डझनांनी निघाले. विम लिहिणारा ब्राम मोलेनार एकेक पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढत बसला होता. २०२४ च्या सुरुवातीला तर एक फारच साधी जाहीर झाली: एका सेटिंगची किंमत चुकीची दिली की त्याबद्दलचा एररचा मजकूरच ठरलेल्या जागेबाहेर जायचा. लांबी न तपासता स्प्रिंटएफ, म्हणजे मेमरीत मजकूर लिहिणारं सीचं फंक्शन. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात हे करू नका म्हणून.

पण मेमरीपेक्षा भयानक २०१९ ची. विमला एक सवय आहे. फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत सेटिंग लिहिली असेल तर ती पाळायची, मोडलाइन म्हणतात. त्यातून पळवाट काढून फाइल उघडताक्षणी हवी ती कमांड चालवता येत होती. तिथे एकही बाइट सांडला नाही! एडिटरने फाइलचं ऐकलं, एवढंच. ८.१.१३६५ मध्ये बुजवली. माझ्याकडे तेव्हापासून मोडलाइन बंद आहे.

ब्राम ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. त्याच महिन्यात नोटपॅड प्लस प्लसच्या चुका जाहीर झाल्या, म्हणून तारीख लक्षात राहिली. विम १९९१ पासून फुकट दिला आणि पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या मुलांना द्या म्हणाला. आता ख्रिश्चन ब्राबांट आणि मंडळी बघतात.

---

संकासूर · रात्री १०:५२

वीस वर्षं वापरताय की वीस वर्षं बाहेर पडता येत नाहीये?

---

एस्केप_कोलन_क्यू · रात्री १०:५५

नाव वाचा ना राव. विममधून बाहेर पडायला तेच दाबतात.

---

कोकणकडा · रविवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. सगळे गोड बोलताय, मी थोडं कडू बोलतो. ही चूक एप्रिल २०२३ च्या अखेरीस कळवली होती. मे गेला, जून, जुलै. मध्ये नवीन व्हर्जनं आली, त्यात ही दुरुस्ती नाही. ऑगस्टच्या २१ तारखेला शोधणाऱ्यांनी कंटाळून जाहीर केली, तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये ८.५.७ आली आणि चारही बुजल्या. दुरुस्ती काय, विषम आकडा आला तर एक वाढवून धरा! दहा मिनिटांचं काम. चार महिने?

मी टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे असं झालं तर सोमवारी सकाळी कुणाला तरी उभं करतात.

---

शेतीवाडी · सकाळी ८:१५

कोकणकडा, उभं करता त्याला महिन्याला पगारही देता ना?

डॉन हो यांनी २००३ मध्ये काढलेला एडिटर, आजही फुकट. मदतीला लोक आहेत, पण शेवटी भार एका खांद्यावर. जगभरच्या बँका, सरकारी कचेऱ्या, कारखाने हे फुकट वापरतात. माझ्या कंपनीत चारशे मशीनवर आहे. एक रुपया दिला नाही. मी विचारलं होतं. पर्चेसवाला म्हणाला, इनव्हॉइस कुठे आहे?

---

कोकणकडा · सकाळी ८:४०

फुकट आहे म्हणून चूक लहान होते का? जोशीबुवांच्या मशीनला काय माहीत, एडिटर विकतचा की फुकटचा.

---

बाराखडी · सकाळी ९:२०

दोघांचंही अर्धं-अर्धं घेते. चार महिने जास्तच. ९० दिवस थांबून जाहीर करायचा शोधणाऱ्यांचा रिवाज आहे, त्याच्याही वर ते थांबले. पण कोकणकडा, "दहा मिनिटांचं काम" हे टेस्टिंगवाल्याने म्हणू नये, तुम्हाला माहीत आहे. एक वाढवणं दहा मिनिटांचं. तो वाढवल्यावर जपानी, अरबी, अर्धवट फाइल, सगळं अजून नीट उघडतं का हे बघणं दहा मिनिटांचं नाही. आणि मला तरी एक वाढवणं हे मूळ औषध वाटत नाही. फंक्शनने अर्धी जोडी उचलूच नये.

कुणीतरी आता "रस्ट या नव्या, मेमरी सांभाळणाऱ्या भाषेत लिहा" म्हणेल, म्हणून आधीच सांगते: हो, तिथे हा बाइट सांडला नसता, प्रोग्राम जागच्या जागी थांबला असता. वीस वर्षांचा सी प्लस प्लस रात्रीत बदलत नाही.

---

निवांत · सकाळी १०:०५

मी तेच लिहायला आलो होतो. जातो.

जाता जाता: २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या "ज्ञा"सारख्या एका जोडाक्षराने आयफोन धडाधड बंद पडत होते, आठवतंय का? मेसेज आला की ॲप गेलं. तीही मेमरीचीच भानगड होती. आपल्या लिपी म्हणजे फुकटच्या टेस्टर आहेत.

---

डीटीपी_दादा · सकाळी ११:३०

काकांना काम काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही.

काका, नोटपॅड प्लस प्लस उघडून एफ-१ दाबा. खिडकीत वर व्हर्जन दिसेल. ८.५.७ च्या खालचं असेल तर बदला. सरळ आजचं टाका, मधलं कशाला. नवीन व्हर्जन अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. गूगलमध्ये "नोटपॅड डाउनलोड" टाकून पहिली जाहिरात दाबू नका. माझ्या कामगाराने तसं केलं, मग ब्राउझर आठवडाभर जुगाराच्या जाहिराती दाखवत होता.

आणि आतलं आपोआप अपडेट दाबण्याआधी एक लक्षात घ्या. २०२५ च्या जूनपासून काही निवडक लोकांची अपडेटची वाट मधल्यामध्ये दुसरीकडे वळवली गेली होती. एडिटरमध्ये चूक नव्हती, वेबसाइट जिथे ठेवली होती तिथे शिरकाव झाला होता. त्यानंतर डिसेंबर २०२५ च्या ८.८.९ पासून उतरवलेल्या फाइलवरची डिजिटल सही तपासल्याशिवाय अपडेट पुढे जात नाही. म्हणून इतक्या जुन्या व्हर्जनवरून जाताना हाताने नवीन उतरवून टाकलेलं बरं.

---

मावशी_ऑनलाइन · दुपारी १२:१०

दादा, आरत्या आल्या परत! "युगें अठ्ठावीस"पासून सगळ्या. देव तुमचं भलं करो.

---

वाचनालयवाला (धागाकर्ता) · सोमवार, सायं. ५:४५

सर्वांचे आभार. रविवारी वाचनालय बंद असतं, तरी किल्ली घेऊन गेलो.

तिन्ही मशीनवर एफ-१ दाबलं. माझ्यावर ८.४, दुसऱ्यावर ७ च्या घरातलं काहीतरी. तिसऱ्यावर खिडकी उघडेपर्यंत जोशीबुवा येऊन उभे, "कुणी सांगितलं हात लावायला?" तिन्हीकडे दादांनी सांगितल्याप्रमाणे नवीन टाकलं. जोशीबुवांनी आधी एक ओळ टंकून पाहिली, मग खुर्ची पुढे ओढली.

डीटीपी_दादा, तुमची विषम बाइटांची गोष्ट डोक्यात राहिली. म्हणून "अंक" नावाच्या फोल्डरमधल्या दोनशे दहा फाइलींवर एकेक करून प्रॉपर्टीज उघडून बाइट बघत बसलो. बायकोने दोनदा फोन केला. बहुतेक जुन्या फाइली तुम्ही म्हणता तशा "युनिकोड", सगळ्या सम. एकच विषम निघाली, ४८,२१७ बाइट. १९८७ च्या अंकातली दीर्घकथा. शेवटपर्यंत सरकवत गेलो. शेवटची ओळ अशी संपते: "तेव्हा नानांनी दाराची कडी काढली आणि बाहेर बघून ते म्ह", आणि पुढे एक चौकोन.

तीन वर्षांपूर्वी पेनड्राइव्हवर घेताना वीज गेली होती, ती हीच असणार. टंकणारे गोखले आता मुलाकडे नाशिकला असतात. आम्ही ती पूर्ण झाली म्हणून यादीत बरोबरची खूणही केली होती.

मूळ अंक वरच्या कपाटात आहे. उद्या शिडी आणून काढतो. नाना काय म्हणाले ते इथे टाकीन.

---

संकासूर · सायं. ५:५८

टाकाच. आणि त्या ४८,२१७ वाल्या फाइलची एक प्रत बाराखडीताईंना पाठवा, त्यांना विषम तुकडा हवाच होता.

---

बाराखडी · सायं. ६:२०

पाठवा काका, पण झिपमध्ये. आणि आधी नानांचं काय ते सांगा.